दहा चाकूंचा सज्जन

४ फेब्रुवारी

चि. साहेबीणबाईंना,

मामाचे आशीर्वाद, आणि आशीर्वादापाठोपाठ मामाची तक्रार.

फोन मुद्दामच केला नाही. एकतीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात धारेच्या चाकाशेजारी बसून माझे दोन्ही कान कामातून गेले, हे तुला माहीत आहे. फोनवर मी एक विचारतो, समोरचा भलतंच सांगतो, आणि शेवटी तुझी मामी माझ्या हातातून फोन काढून घेते. पत्रात निदान मला मधेच कुणी थांबवत नाही.

कालच्या वर्तमानपत्रात तुमच्या परवाना खात्याच्या नव्या नियमाचा मसुदा छापून आला आहे. 'स्वसंरक्षणाचे' म्हणून दुकानात जे घडीचे, खटक्याचे चाकू मिळतात ते यापुढे विकायचे नाहीत. इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही. त्या चाकूंचं पोलाद मी पाहिलं आहे, त्याला पेन्सिलसुद्धा घाबरत नाही. पण पुढे लिहिलं आहे, 'जबाबदार संग्राहकांचा अपवाद करून.' आणि जबाबदार संग्राहक कोण? तर 'ज्याच्याकडे किमान दहा चाकू आहेत, त्यांची नोंदवही आहे आणि नोंदीतला प्रत्येक चाकू मागताच हजर करता येतो, असा इसम.'

अगं, म्हणजे ज्याला एक चाकू हवा तो गुंड आणि ज्याला दहा हवेत तो सज्जन! हे कुठल्या दिवट्याने लिहिलं? तू त्याच खात्यात बसतेस, जरा नाव काढ. मला त्याला घरी बोलावून चहा पाजायचा आहे, आणि तो चहा पीत असताना त्याला चार गोष्टी ऐकवायच्या आहेत.

माझ्यापुरतं म्हणशील तर माझ्याकडे त्रेचाळीस आहेत. म्हणजे तुमच्या दिवट्याच्या हिशेबाने मी एकटाच चार सज्जनांना पुरून उरतो. दर रविवारी चार चाकू काढतो, पुसतो, खिळ्यात तेल सोडतो आणि धार बघतो. इस्पितळात देत होतो तीच धार, त्यात उन्नीस-बीस मला चालत नाही. मामी म्हणते, माझ्याकडे याच्या निम्मं लक्ष दिलं असतंत तर मीही अजून चमकले असते.

तुझ्या धाकट्या भावाचा हात कसा आहे? सायकलवरून पडून दोन बोटं तीन तीन महिने धरून बसतात, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. त्याला म्हणावं, चष्म्याच्या दुकानात स्क्रू पिळून पोट भरायचं तर बोटं सांभाळ आणि सायकल विकून टाक.

उत्तर लवकर दे. हरकती पाठवायला तीस दिवस आहेत आणि माझ्या आत्ताच अकरा झाल्या आहेत.

तुझा,
त्रेचाळीस चाकूंचा मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार. तुझे आशीर्वाद पोचले आणि तक्रारही पोचली. दोन्हींची वेगवेगळी पोच देते, कारण आमच्या खात्यात पोच दिल्याशिवाय काहीच पोचलेलं नसतं.

मसुदा लिहिणाऱ्याचं नाव मला सांगता येणार नाही. माणूस तसा वाईट नाही, त्याच्या डोक्यावर चार साहेब आहेत एवढंच. दहाचा आकडा कसा आला ते मात्र सांगते. बैठकीत प्रश्न निघाला, संग्राहक म्हणजे कोण? पोलीसवाले म्हणाले, असं कुणी नसतंच. दुकानदारांचे पुढारी म्हणाले, ज्याला घ्यावासा वाटतो तो. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, ज्याला आपल्या चाकूचा इतिहास सांगता येतो तो. मग मोठ्या साहेबांनी छापील अर्ज मागवला. अर्ज मूळचा गोदामवाल्यांसाठी छापलेला, दोन हजार प्रती माळ्यावर पडून होत्या. त्यात एक तक्ता आहे आणि तक्त्यात दहा ओळी. साहेब म्हणाले, ओळी मोकळ्या राहिल्या की तपासणीत आक्षेप येतो. झाले दहा.

हसलास ना? हस. पण मामा, त्या अपवादाच्या ओळीवरून पाच बैठका भांडण झालं. पोलीसवाल्यांना सरसकट सगळेच चाकू जमा करून हवे होते, तुझ्यासारख्यांचेसुद्धा. ती ओळ कुणीतरी हट्टाने राखली. कुठल्यातरी गल्लीत एक बहिरा म्हातारा असेल, त्याचे रविवार त्या चाकूंवर उभे असतील, एवढा विचार त्या दिवट्याने केला असेल. असं होऊ शकतं ना?

तेव्हा हरकती पाठवू नकोस. अकरांपैकी एकीतही विनोद सापडला तर सगळ्या अवमानाच्या फायलीत जातील, आणि तुझ्या तर अकराही विनोदीच असणार. नियम लागू झाला की पहिल्याच आठवड्यात नोंदणी कर. नोंदवही स्वच्छ अक्षरात लिही.

धाकट्याचा हात बरा आहे. व्यायाम चालू आहे. दुकानाच्या मालकांनी त्याला सध्या गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं आहे, स्क्रूचं काम दुसरा बघतो. सायकलचं तुझं म्हणणं त्याला कळवलं.

तुझी,
साहेबीणबाई (हुद्दा अजून कारकुनाचाच)


२१ एप्रिल

चि. साहेबीणबाईंना,

आशीर्वाद. तुमच्या दिवट्याबद्दलचे माझे शब्द मी मागे घेतो. माणूस थोर आहे. नियम लागू होऊन तीन आठवडे झाले आणि आमची अख्खी गल्ली जबाबदार झाली.

कोपऱ्यावरच्या कात्री-चाकूवाल्याने पहिल्याच दिवशी पाटी लावली, 'जबाबदार संग्राहकांसाठी दहाचा संच. मखमलीची पेटी. नोंदवही आमच्याकडे भरून मिळेल.' पूर्वी त्याचा महिन्याकाठी एखादा चाकू खपायचा. आता लोक पेट्यांसाठी नावं लिहून जातात. तळमजल्यावरचा केस कापणारा संग्राहक झाला. समोरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई संग्राहक झाल्या. बाईंना ज्याची भीती वाटायची तो गॅरेजवाला तर सगळ्यांच्या आधी झाला. त्याने दोन पेट्या घेतल्या, म्हणजे बाईंच्या दुप्पट जबाबदार. मी दुकानदाराला म्हटलं, "अहो, ही बंदी आहे ना?" तो म्हणाला, "काका, अशी बंदी दरवर्षी येवो."

एवढे संग्राहक झाल्यावर मंडळ निघायला कितीसा वेळ! 'जबाबदार चाकू संग्राहक मंडळ.' नियमाच्या आधीपासून चाकू बाळगणारा गल्लीत मी एकटाच, म्हणून अध्यक्ष बिनविरोध मी. उद्घाटनाला पंधरा मिनिटं बोललो. "चाकू जवळ असणं ही जबाबदारी नव्हे," मी म्हणालो, "तो कुणाच्या हाती द्यायचा हे कळणं, ही जबाबदारी." काय टाळ्या पडल्या! मला थोड्याशा ऐकूसुद्धा आल्या. मामी पहिल्या रांगेत विणत बसली होती, तिने मान वर केली नाही.

आता खरं काम सांगतो. बारा मे रोजी तपासनीस येणार आहे. नोंदवही मी जुन्या यादीवरून जशीच्या तशी उतरवली, तिच्यात त्रेचाळीस आहेत आणि घरात बेचाळीस. सतरा नंबर नाही.

हे मी तुला कधी सांगणार नव्हतो. मागच्या वर्षी धाकटा नोकरीसाठी परगावी निघाला तेव्हा तो मी त्याला दिला. भेटायला आला होता, चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "मामा, तिथे मी एकालाही ओळखत नाही." मला आयुष्यात एकच काम येतं, ते मी केलं. सतरा नंबर काढला आणि दोन संध्याकाळ बसून त्याला धार दिली. मोठमोठ्या सर्जनांनासुद्धा मी इतकी धार कधी दिली नव्हती. वर त्याला बजावलं, ताईला सांगू नकोस, कारण तू लगेच कलम काढलं असतंस.

चाकू पाठव म्हणून त्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. पत्रांचा आळस त्याला त्याच्या आईकडून आला आहे, म्हणजे पर्यायाने आमच्याच घरातून. तूच मागवून पाठव. तपासणी झाली की त्याचा त्याला परत देईन. नोंदीतला एक जरी कमी भरला तरी नाव कटतं आणि सगळेच्या सगळे जमा होतात, असं तुमच्या दिवट्याने नवव्या कलमात लिहून ठेवलं आहे. ते गेले तर रविवारी उठून मी काय करायचं, ते मला कळत नाही. हे विनोदाने लिहिलेलं नाही, तेवढं वेगळं वाच.

तुझा,
अध्यक्षमामा


३ मे

ती. मामास,

नमस्कार. सोबतच्या पार्सलात सतरा नंबर आहे.

धाकट्याने तो जपून ठेवला होता. मी जरा घासूनपुसून पाठवते आहे. परत त्याच्याकडे पाठवायची घाई करू नकोस, तुझ्याजवळच राहू दे. उत्तर दिलं नाही म्हणून त्याच्यावर रागावू नकोस, उजव्या हाताने लिहायला त्याला अजून त्रास होतो.

तपासनीस नवा आहे. त्याला चहा दे, पण नियमाबद्दल काही ऐकवू नकोस. अध्यक्ष झाल्याबद्दल अभिनंदन.

खात्यात फार काम आहे, म्हणून एवढंच.

तुझी,
साहेबीणबाई


१३ मे

चि. साहेबीणबाईंना,

तपासणी झाली. पोरगेलासा तपासनीस आला होता, त्याने तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा त्रेचाळीस भरले. नोंदवही पाहून त्याला भरून आलं. शेऱ्यात त्याने 'अत्यंत जबाबदार' लिहिलं आणि आमच्या भागातलं पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं. सतरा नंबर हातात घेऊन तो म्हणाला, "हा तर अगदी नवा दिसतो हो."

त्याची तपासणी आटोपल्यावर मी माझी केली.

शस्त्रक्रिया झाली की हत्यारं धुऊन आधी माझ्या टेबलावर यायची. पातं बघून मला कळायचं, त्याने काय कापलं आहे, मऊ की टणक. डॉक्टर कधी सांगायचे नाहीत आणि मला विचारायची गरज पडायची नाही. सतरा नंबर तू भांड्यांच्या पावडरीने घासलास. पात्यावर आडवे चरे पडले आहेत, पण ते जाऊ दे. पातं ज्या खिळ्याभोवती फिरतं, तिथे आत काळपट थर बसला आहे. मी तो सुईने काढला आणि पाण्याच्या थेंबात टाकला. थेंब तांबूस झाला. आणि टोकापासून अंगठाभर अंतरावर धारेला एक बारीक खांड पडली आहे. मी दिलेल्या धारेला अशी खांड हाडाशिवाय पडत नाही.

सायकल कुठे आहे, साहेबीणबाई? ती कधी होती का?

मामीला विचारलं. तिने विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे तुम्ही कधी विचाराल, त्याची मी सहा महिने वाट बघते आहे." तुझ्या आईने तिला सगळं सांगितलं होतं म्हणे. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी मंडळात भाषणं ठोकत होतो. कानांचं मला माहीत होतं. डोळ्यांनीही मी काही बघत नव्हतो, हे आज कळलं.

मामीकडून मी पुढचं ऐकून घेतलं नाही. मला ते तुझ्याकडून हवं आहे. सगळं लिही, आणि या वेळी काही पुसून पाठवू नकोस.

मामा


१८ मे

ती. मामा,

लिहिते. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा बसले आहे.

नोव्हेंबरात झालं. दिवेलागणीची वेळ होती, धाकटा दुकानातून खोलीवर निघाला होता. बसमधून उतरला तर मागून कुणीतरी हाका मारत धावत येऊ लागलं. तो वेगाने चालू लागला तसा तो माणूसही वेगाने येऊ लागला. गल्लीच्या तोंडाशी धाकटा वळला आणि त्याने तुझा चाकू उघडला. माणूस जागच्या जागी थांबला, त्याने दोन्ही हात वर केले. एका हातात धाकट्याचा जेवणाचा डबा होता. बसमध्ये सीटवर राहिलेला.

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने चाकू मिटायला गेला आणि बोटं आत राहिली. दुखलंसुद्धा नाही म्हणतो. डब्याच्या झाकणावर रक्त पडलेलं दिसलं तेव्हा कळलं. त्याच माणसाने आपला रुमाल बांधला आणि त्याला इस्पितळात नेलं. रात्रीच्या गाडीने मी सकाळी पोचेपर्यंत तो तिथे बाकावर बसून होता, डबा मांडीवर घेऊन. मला म्हणाला, "ताई, मी उगाच धावलो. सावकाश यायला हवं होतं."

डॉक्टर म्हणाले, "जखम इतकी साफ आहे की जणू आमच्याच टेबलावर झाली. म्हणून शिवता आली." थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पण बोथट चाकू असता तर कातडीवर निभावलं असतं." बोट वाकवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात त्या तुटल्या होत्या, त्यांनी त्या जोडल्या. तरी अंगठ्याजवळचं आणि मधलं, अशी दोन बोटं अजून वाकत नाहीत. वाकतील असं ते आता म्हणत नाहीत.

तुला सांगायचं नाही, असं धाकट्यानेच माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाला, "मामाने दोन संध्याकाळ खपून धार दिली होती गं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?" चाकू मी घेऊन आले आणि सहा महिने ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवला.

आता दुसरं. तो दिवटा मीच.

मसुदा माझ्या हातचा आहे. इस्पितळातून परत आले त्याच आठवड्यात साहेबांपुढे विषय काढला. पहिला मसुदा एका ओळीचा होता, कुणीही कुणालाही काहीही विकायचं नाही आणि बाळगायचं नाही. तो मी रागाने लिहिला होता. मग तुझे रविवार आठवले आणि मी खाली अपवाद जोडला. एकाच कागदात धाकट्यासारख्यांची बोटं आणि तुझी तेलाची बाटली, दोन्ही सांभाळायला गेले, आणि तुझी सगळी गल्ली हत्यारबंद करून बसले. नववं कलमही माझंच. ते लिहिताना मला वाटलं होतं, चोर पळतील आणि मामा सुटेल. अडकणार होता तो मामाच. आता दुरुस्तीचा मसुदासुद्धा माझ्याच टेबलावर आला आहे. साहेब म्हणतात, फार सोपं आहे, दहाचे वीस करा.

मामा, मला तुझा राग आला होता. सहा महिने येत होता. तुझं पत्र आलं की हसू यायचं आणि राग दुपटीने यायचा. तो मी कलमांमध्ये लिहीत राहिले. तुलाच लिहायला हवा होता.

साहेबीणबाई म्हणू नकोस आता.

तुझी भाची


९ जून

चि. भाचीस,

आशीर्वाद. हे पत्र धाकट्याच्या खोलीवरून लिहितो आहे. मी इथे आलो आहे हे मामीने तुला कळवलं असेलच, तिला सगळं आधीच कळवलेलं असतं.

तुझ्या रागाबद्दल आधी. तो योग्य होता. उशिरा मिळाला, पण पूर्ण मिळाला. तुला घरी बोलावून चहा पाजायचं मी म्हणालो होतो ते अजून कायम आहे, ऐकवायच्या चार गोष्टी मात्र आता माझ्याकडे उरल्या नाहीत.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगड काढला आणि चाकू बोथट करायला बसलो. धार लावायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यातही ती घालवता येते, हे मला माहीत नव्हतं. कधी केलंच नव्हतं ना. तीन दिवसांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस झाले. मामी येऊन चहा ठेवून जात होती. सतरा नंबर शेवटी घेतला. तेव्हा मला रडू आलं, आणि बराच वेळ आलं.

मग चाकूंची पिशवी घेऊन, प्रमाणपत्र परत करायला आमच्या भागातल्या परवाना कचेरीत गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "परत घ्यायची तरतूद नाही. माणूस बेजबाबदार ठरला तरच रद्द होतं." मी म्हटलं, "मी बेजबाबदार आहे." तो म्हणाला, "पुरावा?" मी म्हटलं, "भाच्याला चाकू दिला, त्याची दोन बोटं गेली." त्याने नोंदवही उघडली आणि म्हणाला, "तपासणीत त्रेचाळीस भरलेत ना काका? मग कशाला उगीच स्वतःची बदनामी करता?" शेवटी तोच पोरगेला तपासनीस बाहेर आला. एकेक चाकू अंगठ्यावर ओढून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. तुझ्या पहिल्या कलमात 'धारदार पातं असलेला तो चाकू' अशी व्याख्या आहे म्हणे. यांना धार नाही, तेव्हा हे चाकू नाहीत. चाकू नाहीत तेव्हा मी संग्राहक नाही. आणि चाकूच नाहीत तर जप्त काय करणार, म्हणून सगळे परत माझ्या पिशवीत. सुंठीवाचून खोकला गेला.

मंडळाने मात्र ठराव करून मला काढून टाकलं. संग्रहाचं नुकसान करणारा माणूस जबाबदार असू शकत नाही, असं त्यात लिहिलं आहे. नवा अध्यक्ष गॅरेजवाला. तो भाषण करत नाही, त्यामुळे लोकांना आवडतो.

तुझ्या दुरुस्तीबद्दल मला विचारशील तर वीस करू नकोस आणि पन्नासही करू नकोस. आकडाच टाकू नकोस. चाकू मागायला येईल त्याला एक प्रश्न विचार, की बाबा, तुला कशाची भीती वाटते? आणि उत्तर पुरं होईपर्यंत समोर बसून राहा. धाकट्याला मी हे विचारलं नव्हतं. साहेब म्हणतील, याला अर्जात जागा कुठे आहे? ते तू बघ, कलमं तुला येतात.

इथे येऊन आठ दिवस झाले. खोली लहान आहे, एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीशी त्याचं चष्म्याच्या काड्यांचं खोकं. खाट त्याने मला दिली आहे आणि तो खाली झोपतो. पहिले तीन दिवस आम्ही दोघं हवेबद्दल बोललो. गरम होतं, आज जरा कमी आहे, उद्या वाढेल, असं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, हात दाखव. त्याने दाखवला. मी तो खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. खूण सरळ आहे, कुठे वाकडी नाही. माझ्या हातची धार मला ओळखू आली. मी म्हटलं, "चुकलो रे." तो मान खाली घालून काहीतरी म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून मी त्याच्याबरोबर दुकानात जाऊन बसतो. चष्म्याची चौकट मी धरतो, तो डाव्या हाताने स्क्रू पिळायला शिकतो आहे. दिवसाकाठी तीन-चार होतात. मालकांनी अजून काही म्हटलं नाही.

काल संध्याकाळी तो टोमॅटो कापत होता. खोलीत चाकू एकच, घरमालकिणीने दिलेला भाजीचा. टोमॅटो नुसता चेपत होता, बिया सगळ्या ओट्यावर. मी खाटेवर बसून बघत होतो. त्याने चाकू खाली ठेवला, माझ्याजवळ आला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "मामा, याला जरा धार लाव ना."

मी म्हटलं, "दगड आणला नाही."

तो चपला घालून बाहेर गेला. अर्ध्या तासाने दगड घेऊन आला. माझ्यासमोर ठेवला, वाटीत पाणी आणून ठेवलं, चाकू ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसला. त्याला उठायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

लावली. टोमॅटो कापला जाईल, एवढीच.

तुझा,
मामा